कणीच्या बदल्यात पलिते

तुमच्या आज्याच्या पणज्यालाही आठवणार नाहीत अशा दिवसांतली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी. थोरांनी तर जरा कान टवकारूनच ऐकावी.

दोन राज्यं होती आणि त्यांच्या मधून एक नदी वाहत होती. नदीच्या पोटात एक बेट होतं. त्या बेटावर सोनं नव्हतं, देऊळ नव्हतं, धड पिण्याजोगी विहीरसुद्धा नव्हती. होतं ते फक्त गवत, माणूस बुडेल एवढं उंच. दोन्ही काठांवरची गावं उन्हाळ्याच्या शेवटी तिथं जमायची, मिळून गवत कापायची आणि त्या गवतानं आपापली घरं शाकारायची.

या काठच्या पोरी त्या काठी नांदायला जात, त्या काठच्या या काठी येत. कापणीच्या दिवशी आईनं बांधलेली पहिली पेंढी नावेतून लेकीच्या सासरी जायची आणि तिच्या घराच्या आढ्यावर चढायची. माहेरची पेंढी डोक्यावर असली की लेक एकटी नाही, असं बायका मानत. पेंढीची गाठही दोन्ही काठांवर एकच होती. दोन वेढे, मधून फास, आणि टोक आत खोचलेलं. आईनं लेकीला शिकवायची, लेकीनं सासरी नणंदांना.

आणि एक दिवस दोन्हीकडच्या राजांना ते बेट आपलं वाटायला लागलं. दोघांनीही तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं. ज्यांच्या वाड्यांवर दगडी छतं होती, ते गवतासाठी भांडायला उठले. आणि जळालं ते ज्यांच्या डोक्यावर गवत होतं त्यांचं.

या काठच्या एका गावात बयजा नावाची बाई राहत होती. नवरा केव्हाच वारला होता. एकुलती लेक सगुणा, ती पलीकडे दिलेली. बयजा एकटी राहायची, पण गावात तिचा दरारा असा, की भांडण सोडवायला लोक पाटलाच्या आधी तिच्या दारात यायचे. एके दिवशी भर दुपारी पलीकडचे शिपाई आले, त्यांनी छपरांवर पेटते पलिते फेकले, आणि पोरांची अंघोळ आटपावी इतक्या वेळात गाव संपलं.

लोकांनी हाताला लागेल ते उचललं. कुणी तवा उचलला, कुणी करडू. बयजानं आपल्या घराच्या राखेतून अर्धवट जळालेला एक पलिता उचलला आणि फडक्यात बांधला. हे कशाला घेतेस, असं कुणीतरी विचारलं. ज्यानं टाकला तो भेटला की त्याच्या थोबाडावर मारायला, असं ती म्हणाली.

काठाकाठची सगळी गावं अशीच उठली आणि चालत चालत राजधानीत येऊन पडली. कोरड्या तळ्याच्या काठी त्यांनी फाटकी लुगडी ताणून आडोसे केले.

शहरातली माणसं वाईट नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीवर भाजी घालून आणली. मग नुसती भाकरी आणली. मग शिळी आणली. पुढं भाकरीबरोबर उपदेश यायला लागला, आणि शेवटी नुसता उपदेश.

तो उपदेश ऐकून बयजाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडताड चालत राजाच्या कोठारावर गेली. तिथं कोठावळा होता. राज्यातलं सगळं धान्य त्याच्या ताब्यात असायचं, त्यामुळे राजापेक्षा लोक त्यालाच जास्त वाकत. बयजा वाकली नाही.

"आम्ही भिकारी नाही," ती म्हणाली. "आमचे हात धड आहेत. काम द्या आणि मग खायला द्या. फुकटचं आमच्या घशाखाली उतरत नाही."

कोठावळ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो असा गोड हसला, की दुसरी कुणी असती तर तिथंच घाबरली असती. बयजाला मात्र त्या हसण्यात आपला विजय दिसला.

दोन दिवसांत कोठाराच्या भिंतीला लागून एक लांबलचक गवती मांडव उभा राहिला. दवंडी पिटली गेली, की महाराजांनी निराधारांना काम आणि अन्न एकाच छपराखाली दिलं आहे. शहरातले लोक वाहवा म्हणाले. आता आपल्या दारात कुणी येणार नाही, हाही त्या वाहवेचा एक भाग होता.

काम सोपं होतं. पुरुषांनी काठ्या तोडायच्या, म्हाताऱ्यांनी चिंध्या फाडायच्या, बायकांनी काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळून सुतळीनं बांधायच्या आणि तेलात बुडवायच्या. पुढचं काम आत पडद्यामागं शिपाई करत. मशाली आहेत, महाराजांच्या उत्सवात मिरवायच्या आहेत, असं सांगितलं होतं. मांडवाच्या मधोमध चूल होती, तीवर दिवसभर कणी शिजायची. जेवायच्या वेळी आधी महाराजांचा जयजयकार करायचा, मग ओगराळंभर कणी पानात पडायची. जयजयकार हळू झाला की ओगराळंही हलकं व्हायचं.

बयजा त्या मांडवाची मुकादमीण झाली. कुणी केलं नव्हतं, आपणच झाली. कुणाचा हात सैल पडला की ती करवादायची. आपण कुणाचं उष्टं खाणाऱ्या नाही, सांगितलं त्याच्या वर करून दाखवायचं, अशी तिची ताकीद होती. आणि बायकांनी दाखवलंही. फुकट खात नाही हे दाखवायच्या नादात त्यांनी मागितल्याच्या दुप्पट पलिते बांधले. काय बांधतोय, हे मात्र कुणी पाहिलं नाही. ताठ मानेनं खायला मिळतंय म्हटल्यावर माणूस मान वाकवून हातातलं बघत नाही.

एके सकाळी शिपायांना भारे उचलायला माणूस कमी पडला, म्हणून बयजा स्वतःच भारा घेऊन पडद्याआड गेली. तिथं तयार झालेले पलिते रचून ठेवले होते. काठ्या आखूड केलेल्या. दुसऱ्या टोकाला वजनासाठी दगड आवळलेला. मिरवायची मशाल लांब दांड्याची असते, ती धरायची असते. ही धरायची वस्तू नव्हती. फेकायची होती.

"कसला उत्सव आहे रे?" तिनं विचारलं.

"मोठा उत्सव आहे मावशी," दगड आवळणारा शिपाई हसत म्हणाला. "नदीपलीकडं. बेट सर करायच्या आधी उरलेला काठ मोकळा करायचाय. तुम्हाला तर आनंदच व्हायला हवा."

बयजा बाहेर आली, तळ्यापाशी गेली आणि तिनं आपलं गाठोडं सोडलं. राखेतून आणलेला तो जळका पलिता हातात घेतला. इतके दिवस तिनं तो नुसता रागानं बाळगला होता, नीट पाहिला नव्हता. आखूड काठी, टोकाला दगड. आणि चिंध्यांच्या खालच्या कडेला, जिथं आग पोचली नव्हती, तिथं सुतळीची गाठ शाबूत होती. दोन वेढे, मधून फास, टोक आत खोचलेलं.

तिनं गाठीवरून बोट फिरवलं.

ती गाठ शिपायाला येत नाही. पलीकडची काही गावं आधीच जळली होती, या राजाच्या शिपायांनी जाळली होती, हे तिनं ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं. म्हणजे तिथल्या बायकाही अशाच कुठल्यातरी शहरात जाऊन पडल्या असणार. त्यांनाही कुणीतरी काम दिलं असणार. त्यांनीही ओगराळंभर कणीसाठी दोन वेढे घेऊन फास ओढला असणार. बयजाचं घर ज्यानं जाळलं, तो पलिता सगुणेनं बांधला, की तिच्या नणंदेनं, की आणखी कुणी, हे गाठीवरून कळायला मार्ग नव्हता. गाठ सगळ्यांची एकच होती. आणि आज आईचे हात लेकीच्या काठासाठी तीच गाठ मारत होते.

ती मांडवात परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून चिंध्या फाडणारे हात थांबले. तिनं जळका पलिता आणि नवा पलिता शेजारी शेजारी ठेवले आणि काय ते सांगून टाकलं.

 मग भिवरा उठली. भिवरा ही बयजाच्याच गावची तरणी बाई. तिचा नवरा छप्पर विझवायला चढला होता, तो खाली आलाच नाही. दोन पोरं पदराला होती.

"जळू दे की पलीकडचं," भिवरा म्हणाली. "माझं जळलं तेव्हा कुणी विचार केला? तुझी लेक तिकडं आहे म्हणून तुला कळवळा आलाय आत्या. माझी पोरं इकडं आहेत. त्यांना दुपारी काय घालू, तुझी गाठ?"

"तुझा दादला ज्या आगीत गेला," बयजा म्हणाली, "ती आग तुझ्याचसारख्या एका बाईनं बांधली होती. तिचीही पोरं दुपारचं मागत होती. तिनं बांधली म्हणून तुझं कुंकू गेलं. आता तू बांध. मग ती पुन्हा बांधेल. हे दोघं राजे आपल्याला एकमेकींची घरं जाळायला लावतात, आणि वर जेवायला घालतो म्हणून आपल्याकडून स्वतःचा जयजयकार करून घेतात."

भिवरा रडायला लागली, पण तिनं हातातली काठी खाली ठेवली नाही.

गलका ऐकून कोठावळा आला. बयजानं त्याला तोंडावर विचारलं, की हे काम मागितलं होतं का आम्ही. कोठावळ्याला राग आला नाही, उलट नवल वाटलं. काम मागितलंत, काम दिलं, तो म्हणाला. कुठलं काम हे भुकेल्यानं विचारायचं नसतं. कोठारात दाणा महाराजांचा, तेव्हा हातही महाराजांचेच.

"हात माझे आहेत," बयजा म्हणाली. "तुझ्या महाराजांनी कणी वाढली, हात नाही वाढले मला. ही तुझी काठी."

आणि तिनं पलिता त्याच्या पायाशी टाकला. मनात होतं थोबाडावर मारायचं, पण तो मारायच्याही लायकीचा तिला वाटला नाही.

तिच्यामागं निम्मी माणसं मांडवाबाहेर पडली. निम्मी राहिली. भिवराही राहिली. बयजाच्या ओठावर शिवी आली होती, पण भिवराच्या पदराला लोंबकळणारी पोरं बघून तिनं ती गिळली. शिव्या कोठावळ्यासाठी राखून ठेवल्या. त्या पुष्कळ होत्या.

बाहेर पडलेल्यांचे हाल झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. पोरांनी चिंचेचा पाला खाल्ला. शहरात कोठावळ्यानं उठवून दिलं, की हे लोक माजलेत, दिलेलं काम यांना नको आहे. झालं, दारं अधिकच घट्ट लागली.

बयजा तळ्याच्या काठी बसून रागानं धुमसत होती, तेव्हा तिला समोरचं दिसलं. तळं कोरडं नव्हतं, गाळानं बुजलं होतं. शहरातल्या बाया पाण्यासाठी घागरी घेऊन टेकडीपलीकडं जात होत्या आणि येता-जाता या उपाशी माणसांकडं नाक मुरडून बघत होत्या. कितीतरी वर्षं ते तळं तसंच पडलं होतं, कारण राजाला तळ्यापेक्षा बेट महत्त्वाचं होतं.

ती सगळ्यांना म्हणाली, की कोठावळ्याकडं काम मागायला गेले ही माझी चूक झाली. काम तर इथं समोर पडलं होतं. उठा.

त्यांनी गाळ उपसायला सुरुवात केली. टोपल्या नव्हत्या, म्हणून लुगड्याच्या झोळ्या केल्या. शहरातल्या बाया पहिल्या दिवशी हसल्या. दुसऱ्या दिवशी बघत उभ्या राहिल्या. मग खड्ड्यात ओल दिसली, ओलीचं पाणी झालं, आणि एक म्हातारी तेलीण डोक्यावर भाकरीची चळत घेऊन आली. ती भाकरी ठेवून परत गेली नाही. खाली उतरून तिनंही झोळी धरली. तिच्यामागून इतर आल्या. गाळानं माखलेल्या सगळ्याजणी काठावर एकत्र बसून जेवल्या, तेव्हा कुणीच कुणाचा जयजयकार केला नाही, आणि भाकरी सगळ्यांच्या घशाखाली नीट उतरली.

तिकडं मांडवात कामाला माणसं कमी पडली. कोठावळ्यानं शिपायांना चिंध्या बांधायला आणि कणी शिजवायला बसवलं. त्यांना ते काम बायकी वाटलं. बायका तेलाचे रांजण चुलीपासून दूर ठेवत, चुलीभोवती ओलं पोतं पसरत. शिपायांना तेवढं चालायचाही कंटाळा. त्यांनी रांजण चुलीपाशी ओढले आणि पलित्यांची रास मागं तशीच भिंतीला लावून रचली.

दुपारी एक ठिणगी उडाली. एकच पुरली.

नदीपलीकडं जायचे पलिते जागच्या जागी पेटले. गवती मांडव पेटला, आणि मांडव लागून होता कोठाराला. काम आणि अन्न एकाच छपराखाली दिल्याची ज्यानं दवंडी पिटवली होती, त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच आगीत सापडलं. कोठावळा ओरडत होता आणि शिपाई पळत होते.

धूर पाहून बयजा उठली. कुणीतरी म्हणालं, जळू दे की मेल्याचं कोठार. क्षणभर तिलाही तसंच वाटलं.

"दाण्यानं काय केलंय?" ती म्हणाली. "आणि भिवरा आत आहे."

ती माणसं जळती छपरं पाहून आलेली होती. कुणी विळे घेऊन मांडवाचे बंद तोडले, कुणी बांबू ओढून पाडले, बाकीच्यांनी तळ्यातलं गढूळ पाणी घागरींनी आणून भिंतीवर मारलं. शहरातल्या बायांनी ओळ धरली. भिवरा दोन्ही पोरांना काखोटीला मारून धुरातून बाहेर आली, ती थेट बयजाच्या अंगावर कोसळली. अर्धं कोठार वाचलं. अर्ध्याची राख झाली.

संध्याकाळी राजा आला. राखेतून चालताना त्याचे जोडे काळे झाले, याचंच त्याला जास्त वाईट वाटत असावं. कोठार कुणी वाचवलं असं त्यानं विचारलं, आणि लोकांनी बयजाला पुढं केलं. राजा म्हणाला, की बाई, तू काय मागशील ते देतो.

"देऊ नका महाराज," बयजा म्हणाली. "तुम्ही दिलंत की जळतं. आमचं घर होतं, तेव्हा आम्ही तुमच्याकडं काही मागायला आलो नव्हतो. तुमच्या भांडणानं आम्हाला तुमच्या दारात आणलं, आणि दारात आल्यावर तुम्ही आमच्याच हातानं आणखी घरं जाळायची तयारी केलीत. भुकेल्याला काम दिलं म्हणून तुमची वाहवा झाली. कुठलं काम दिलं, ते आज तुमच्या जोड्यांना लागलंय, ते बघा."

शिपायांनी तिला गप्प करायला हात उचलले. पण मागं सगळी तेल-गाळानं माखलेली माणसं उभी होती, त्यांत शहरातलीही होती, आणि कोण कुठलं हे राजाला ओळखू येईना. त्यानं शिपायांना थांबवलं.

पुढं लोक सांगू लागले, की त्या दिवशी राजाचं मन पालटलं. तसलं काही झालं नाही. अर्ध्या कोठारावर सैन्य पोसता येत नाही, हे त्याला कळलं, म्हणून त्यानं तहाची नाव पाठवली. पलीकडच्या राजाचीही कोठारं तळाला गेली होती, म्हणून त्यानं ती परत पाठवली नाही. कोठावळ्याला राजानं काढून टाकलं. मात्र उरलेल्या दाण्याची राखण तळ्यावरच्या माणसांकडं आली, ती राजाच्या मर्जीनं नव्हे. लोकांना आता दुसऱ्या कुणाचा भरवसा उरला नव्हता. तळं पुरं होईस्तोवर जो गाळ उपसायला आला त्याला त्यातून खायला मिळालं. जो अंथरुणाला खिळला होता त्यालाही मिळालं, आणि त्याला काय काम केलंस असं कुणी विचारलं नाही.

तह झाल्यावर बयजा नदीवर गेली. पलीकडच्या काठावरच्या बायका नावांतून इकडं उतरत होत्या, काळवंडलेल्या, वाळलेल्या. त्यांत सगुणा होती. बयजाला तिला ओळखायला वेळ लागला. सगुणा नावेतून उतरली, पण आईला मिठी मारायला पुढं आली नाही. दोन्ही हात तिनं पदराखाली धरले होते.

बयजानं ते हात ओढून बाहेर काढले. बोटांच्या पेरांना सुतळीचे घट्टे पडले होते, आणि नखांत तेलाची काळी रेघ होती, घासूनही न गेलेली.

"आम्हालाही काम दिलं होतं गं आई," सगुणा खाली बघत म्हणाली. "पोटभर खायला देत होते."

 बयजानं लेकीचे ते हात आपल्या गालांवर ठेवून घेतले आणि तशीच उभी राहिली.

म्हणून लहानथोरांनो, हे ध्यानात धरा: दुसऱ्याचं घर जाळायला लावून जो भुकेल्याला घास देतो, तो अन्नदाता नव्हे, आग लावणाराच असतो.